झऱ्याच्या वाटेवरच्या चिंध्या

रंगपंचमीच्या दिवशी दुपारी मी रानातून वरच्या वाटेनं घरी आलो तेव्हा चूल थंड होती.

दोन दिवस मी झऱ्याच्या वरच्या अंगाला कवळ तोडत होतो. भाताची रोपं जिथं करायची त्या वाफ्यावर ऐनाच्या पाल्याच्या फांद्या, पातेरा, शेण अंथरायचं आणि चैत्रात पेटवून द्यायचं, त्याला आमच्याकडं राब म्हणतात. त्या राबासाठी तोडलेला पाला म्हणजे कवळ. हे काम वेळेतच करावं लागतं. उशीर झाला तर झाडांना नवी पालवी येते आणि मग कोयता घालवत नाही.

मी कोयता दाराशी टेकवला आणि आत हाक मारली, "अनुसया, वाढ."

आतून काही आवाज नाही. परातीत पीठ तसंच काढलेलं, त्यावर मुंग्या चढलेल्या. शेळी खुंट्याभोवती फिरून फिरून दाव्यात आवळून घेऊन ओरडत होती. आमची मुलगी वैजू सकाळीच खाली गावात शिवणकाम शिकायला गेली होती. ती चारपर्यंत येणार नव्हती.

आमच्या वाडीत पाच घरं. वाडीचं नावही पाचघरच. शेजारच्या ठकूमावशी अंगणात मिरच्या वाळत घालत होत्या. मी विचारलं, "मावशी, अनुसया कुठं गेली?"

"हंडा घेऊन गेली की झऱ्यावर."

"कधी?"

"सकाळचीच. ऊन गोठ्यावर आलं नव्हतं तवा."

"मग अजून आली नाही?"

"आता तुझी बायकू कुठं कुठं थांबती ते मला काय ठावं, तात्याबा? फूल दिसलं की थांबती, पाखरू दिसलं की थांबती. बसली आसंल कुणाचं तरी घरटं बघत."

मला तेही पटलं. पण पीठ काढून ठेवून ती कधी बसली नसती. मी तसाच खाली निघालो.

आमचा झरा घरापासून दोन हाकांच्या अंतरावर. आधी वाट नाकासमोर सरळ जायची. मागल्या श्रावणात दरड आली आणि सरळ वाटेचा तुकडा घळीत गेला. तेव्हापासून करवंदीच्या एका मोठ्या जाळीपाशी डावीकडं वळून, खडकाच्या कडेनं उतरावं लागायचं. त्या वळणावर मला तिची चुंबळ दिसली, वाटेच्या मधोमध. मी ती उचलली आणि घळीत वाकून बघितलं.

आधी हंडा दिसला. उन्हात चकाकत होता. मग ती दिसली.

मी कसा उतरलो ते आठवत नाही. ती एका कुशीवर होती, रोज झोपायची तशी. अंग गार पडलं होतं. मी तिचा पदर सारखा केला आणि मग ठकूमावशींना हाका मारायला लागलो.

एक गोष्ट तेव्हाच सांगायला हवी होती, ती आता सांगतो. सकाळी वर कवळ तोडताना मला भांडं पडल्याचा आवाज आला होता. झऱ्यावर कुणाचा तरी हंडा निसटला असेल, असं मला वाटलं. मी कोयता थांबवला नाही.

*

अनुसयाला एक खोड होती. दिवसभरात जे काही बघितलं असेल ते ती संध्याकाळी जेवताना सांगायची. मोठं काही नसायचं. लिंबाच्या फांदीला शिंजिरानं घरटं टांगलं. कुसुंबाला लाल पालवी आली. पांगाऱ्यावर साळुंक्या भांडत होत्या. अंजनीच्या खोडाला निळी फुलं चिकटली. सव्वीस वर्षं मी हे ऐकत होतो आणि 'हं' म्हणत होतो. माझं लक्ष भाकरीत असायचं.

त्या शेवटच्या वर्षी ती सांगायची ते थोडं वेगळं होतं, पण ते मला तेव्हा कळलं नाही. कुंभ्याच्या फुलांचा वास सुटलाय म्हणायची. जांभळीखाली माशा घुमतायत म्हणायची. तांबट बोलायला लागला, पहाटेपासून टुकटुक लावलीय म्हणायची.

होळीच्या आदल्या संध्याकाळी आम्ही अंगणात बसलो होतो. तिनं विचारलं, "अवो, पळस फुलला का?"

समोरच्या डोंगराच्या सोंडेवर चार पळस आहेत. अंगणातून सरळ दिसतात. त्या दिवशी ते पेटल्यासारखे लाल झाले होते.

मी म्हणालो, "समोर एवढा दिसतोय, डोळे काय गहाण टाकलेस?"

ती हसली. म्हणाली, "आसू द्या. तुमच्या तोंडनं ऐकायचं हुतं."

"फुललाय. झालं?"

"किती फुललाय?"

"फुलतो तेवढा."



*

तिचा भाऊ देवजी पलीकडच्या खोऱ्यातल्या आंबेरानचा. तिच्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. शाकारणीचं काम करायचा. गवतानं घरं शाकारायची, छपरं दोरानं आवळायची, गंजी रचायच्या. त्या टापूत त्याच्या हाताला मान होता. देवजीनं बांधलेलं छप्पर वादळात उडत नाही, असं लोक म्हणायचे. अनुसया गेली त्याच संध्याकाळी तो आला आणि तेरावा झाल्यावरही दोन दिवस राहिला. बहिणीच्या तोंडाकडं एकदा बघितलं आणि त्यानंतर तो बोललाच नाही. पाणी आणायचा, लाकडं फोडायचा, पडवीत बसून राहायचा.

चौथ्या दिवशी वैजू अंगणाच्या कडेला शेळीला पाला घालायला गेली आणि तिथूनच ओरडली, "आबा, हे काय हाय?"

कुंपणाच्या बांबूला कापडाची चिंधी बांधलेली होती. कमरेएवढ्या उंचीवर. हिरव्या लुगड्याची, पिवळ्या काठाची. तिचं टोक लोंबत होतं आणि त्याला एक गाठ मारलेली होती.

वैजू म्हणाली, "आईचं लुगडं हाय हे. मागल्या दिवाळीत फाटलेलं."

ठकूमावशी येऊन बघून गेल्या. त्यांनी हात मागं घेतला. "हात लावू नका गं. हे साधं न्हाय. नेसूचं कापड फाडून कुणी बांधतंय व्हय? कुणीतरी केलंय तिच्यावर."

"कुणी करंल मावशी? आमचं कुणाशी वाकडं हाय?" वैजू रडकुंडीला आली होती.

"वाकडं असावं लागत न्हाय बाई."

वैजूनं चिंधी सोडायला हात पुढं केला, तेवढ्यात पडवीतून देवजी ओरडला, "वैजे! हात लावू नगंस!"

चार दिवसांत त्याच्या तोंडून निघालेलं ते पहिलं वाक्य. वैजू दचकून मागं सरली. तो परत खाली मान घालून बसला. ठकूमावशींनी माझ्याकडं बघितलं, म्हणजे बघ, मामालाही तेच वाटतंय.

त्यानंतर मला त्या चिंध्या दिसायलाच लागल्या. सुतकात काम करायचं नव्हतं, म्हणून मी घराभोवती फिरत होतो. एक चिंधी गोठ्याच्या मागं, एक करवंदीला, एक जांभळीच्या खालच्या फांदीला. मी चिंधी बघायला जायचो आणि चिंधीजवळचं बाकीचं दिसायचं. करवंदीला पांढरी फुलं आली होती, चांदण्यांएवढी, आणि जाळीत कोळ्यानं नळीसारखं जाळं विणलं होतं. जांभळीचा मोहर गळून खाली जमीन पिवळसर झाली होती, त्यावरून मुंगळ्यांची रांग चालली होती. गेळ्याच्या झुडपाच्या काट्यावर एक सुकलेला टोळ टोचून ठेवलेला. खाटीक पक्षी ठेवतो तसं. त्या जागांवरून मी सव्वीस वर्षं गेलो होतो आणि यातलं काही बघितलं नव्हतं. आता कुणीतरी बोट धरून नेत असल्यासारखं एकेक दिसत होतं. मला ते नको होतं. मी घरात येऊन बसायचो, तरी कानात तो तांबट टुकटुक करत राहायचा.

पाडव्याला चारही घरांवर गुढ्या उभ्या राहिल्या. आमच्या घरावर नव्हती. वैजू दाराआडून बघत होती.

एवढं सांगतो, की तेव्हापर्यंत मला काही आठवलं नव्हतं.

*

तेराव्याचं जेवण झालं, माणसं पांगली. दुपार कलत होती. देवजी उठला, घरातला दुसरा हंडा आणला आणि माझ्या हातात दिला.

"चला दाजी. पाणी आणू."

"वैजू आणील की."

"तुमी चला."

कुंपणाच्या बांबूपाशी आल्यावर त्यानं डोक्याचं मुंडासं सोडलं. "डोळं मिटा."

"कशाला?"

"मिटा तरी."

त्यानं मुंडाशाचा पदर माझ्या डोळ्यांवर दोन वेढे देऊन बांधला. गच्च बांधला. मी म्हणालो, "देवजी, हा काय पोरांचा खेळ लावलाय?"

"खेळ समजा. झऱ्यावर जायाचं. रोजची वाट हाय तुमची."

"पडंन की मी."

"मी हाय मागं. हात पुढं करा. काय लागलं?"

"चिंधी."

"गाठी किती?"

मी चाचपलं. "एक."

"एक म्हंजे नीट म्होरं. चला."

मी हात पुढं धरून चालायला लागलो. पायाखालचा दगड ओळखीचा होता, तरी प्रत्येक पाऊल मी आधी चाचपून टाकत होतो. मग करवंदीचा वास आला. इतका गोड वास येतो हे मला माहीत नव्हतं. हात लांब केला तर काट्यानं मनगट वरबाडलं.

मागून देवजी म्हणाला, "तिचं बी आसंच वरबाडायचं."

मला तिची मनगटं आठवली. मी एकदा विचारलं होतं. फुलं बघायला जाळीत हात घातला, म्हणाली होती.

"गाठ बगा."

"एक."

"म्होरं."

डोक्यावर माशांचा आवाज आला, म्हणजे जांभूळ आली. हात वर केला, फांदी लागली, चिंधी लागली. एक गाठ. मग कुंभ्याचा उग्र वास. एक गाठ. मी थोडा सरावलो. वाट आता जरा उताराची होती. मी हात पुढं धरूनच चाललो होतो. बराच वेळ हाताला काही लागलं नाही, म्हणून मी सरळ जात राहिलो. पाय जुन्या वाटेनंच जात होते.

देवजीनं मागून सदरा धरला आणि मला खेचलं. मी त्याच्या अंगावर पडलो.

"थांबा."

त्यानं डोळ्यांवरचं कापड काढलं. एका पावलावर घळ होती. माझ्या पायानं सुटलेले खडे अजून खाली जात होते.

"हितं हुती," देवजी म्हणाला. वळणावरच्या करवंदीच्या खोडाशी तो उकिडवा बसला. "ह्या खोडाला. दोन गाठींची. दोन म्हंजे वळायचं."

"कुणी बांधली होती?"

"मी. समद्या मीच बांधल्या. माघात आलो हुतो न्हवं, तुमी बाजाराला गेला हुता तवा. ती फुडं चालायची, हात लावून सांगायची, हितं बांध. मी बांधायचो."

मी खाली बसलो. "तिला दिसत नव्हतं?"

"भाऊबीजेला ओवाळलं तवा कळलं मला. कुकू कपाळाला लावायचं ते भुवईला लावलं. मी हसलो. ती रडाय लागली." त्यानं नाक पुसलं. "आमच्या आयचं झालं तेच झालं. कडंनं अंधार येत येत मधी येवढंच ऱ्हायचं, सुपारीयेवढं. शिमग्यापतोर ते बी गेलं आसंल."

"मला का नाही सांगितलं?"

"वैजूचं लगीन व्हईस्तोवर कुणाला न्हाई सांगायचं म्हणाली. आजी आंधळी, आय आंधळी. सोयऱ्यांस्नी कळलं तर पोरीला कोण करंल? वैशाख तर हाय, म्हणाली. दोन म्हैन्यांचा सवाल. लगीन झालं की मीच सांगते त्यास्नी."

"मी काय सांगत सुटलो असतो?"

देवजीनं माझ्याकडं बघितलं. "दाजी, तुमची शेळी व्याली तरी चार वाड्यांत कळतंय."

ते खरं होतं. मला त्याच्यावर रागावताही आलं नाही.

तो त्या खोडाला हात लावून बघत होता. खालचा पाचोळा उचकून बघत होता. जाळीत वाकून बघत होता. मग दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसला आणि हातांकडं बघायला लागला.

"ईस वर्सं लोकांची छपरं बांधतुया. वाऱ्यानं काडी हलली न्हाय कुणाची. आन भैनीला बांधली ती सुटली. माझ्या हातची गाठ सुटली, दाजी."

तेव्हा मला आठवलं.

ती गेली त्याच्या आदल्या संध्याकाळी मी कवळाचा भारा डोक्यावर घेऊन त्या वळणापर्यंत आलो होतो. भारा मोठा होता, दोर आखूड पडत होता आणि पाला निसटत होता. मी भारा खाली टेकवला. बांधायला वेल शोधत होतो, तर खोडाला चिंधी दिसली. कुणीतरी नवसाची बांधली असेल, नाहीतर पोरांनी, असं काहीतरी मनात आलं असेल. आलं होतं की नाही तेही सांगता येत नाही. मी ती सोडून घेतली आणि दोराला जोड दिला.

गाठ घट्ट होती. बोटांनी सुटेना, म्हणून मी दातांनी सोडवली होती.

मी तोंड उघडलं. देवजी समोर बसला होता. त्याची नखं पाचोळ्यात खरवडून मातीनं भरली होती.

"वाऱ्यानं गेली असंल," मी म्हणालो. "होळीच्या दिवसांत वारा होता."

"माझी गाठ वाऱ्यानं जात न्हाय."

"मग माकडांनी ओढली असंल."

"माकडांनी बाकीच्या कशापायी ठेवल्या?"

तो उठला, झऱ्यावर जाऊन हंडा भरला आणि स्वतःच्या खांद्यावर घेतला. येताना त्यानं एकेक चिंधी सोडून खिशात घातली. प्रत्येक गाठ सोडायला त्याला वेळ लागला. मी बघत होतो. शेवटी एके ठिकाणी तो स्वतःशीच म्हणाला, "ही बग कशी बसलीय. हीच कशी सुटली न्हाय?"

*

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटा वाफ्यावर गेलो. बाकीचा पाला मी आधीच अंथरला होता. त्या संध्याकाळचा भारा कडेला टाकून ठेवला होता, दुसऱ्या दिवशी दुपारी पसरू म्हणून, आणि ती दुपार तशीच गेली होती. पाला वाळून तांबडा झाला होता. मी भारा पालथा केला. दोर होता. दोराला जोडलेली हिरवी चिंधी होती. लोंबत्या टोकाला दोन गाठी तशाच होत्या.

मी तिथंच खाली बसलो. ती सोडून घ्यायची आणि घरी नेऊन देवजीच्या पुढं ठेवायची, एवढंच काम होतं. तो पडवीतच बसला होता. मी गाठीला हात लावला आणि मला ते दातांनी सोडवणं आठवलं. मी भारा पुन्हा उलटा करून ठेवला, चिंधी खाली जाईल असा.

परत आलो तर देवजी म्हणाला, "राब ऱ्हायलाय तुमचा. उद्या भाजून टाकू. मग मी जातो."

"मी भाजीन. तू जा."

"येकट्याचं काम न्हाय ते. वणवा लागंल."

चैत्रातल्या त्या सकाळी वारा पडलेला होता. आम्ही दोघं वाफ्यावर गेलो. पाण्याची कळशी ठेवली. देवजीनं आग झोडपायला ओल्या फांद्या तोडल्या. मी वरच्या बाजूनं पेटवत आणलं. धूर आला, पाला तडतडायला लागला. खालच्या कडेला उभा असलेला देवजी म्हणाला, "दाजी, त्यो भारा सोडला न्हाई व्हय? दोर हाय त्याला."

"जुना आहे दोर. जळू दे."

"दोर कुणी जाळतं व्हय? थांबा, काढतो."

त्याला दोराची किंमत होती. आयुष्यभर त्यानं दुसरं काही हाताळलं नव्हतं. तो वाफ्यातून भाऱ्याकडं यायला लागला. मी त्याच्या आधी पोचलो आणि हातातली पेटती चूड भाऱ्यात खुपसली. वाळलेला ऐन. एका दमात पेटला.

देवजी थांबला. त्यानं माझ्याकडं बघितलं. धूर होता, डोळ्यांतून पाणी येत होतं, त्याच्याही आणि माझ्याही. त्याला काय दिसलं ते मला माहीत नाही. मग तो वळला आणि कडेची आग फांदीनं झोडपायला लागला. राब पूर्ण जळेपर्यंत आम्ही दोघं कडा सांभाळत राहिलो.

*

वैजूचं लग्न वैशाखातच केलं. वर्षाच्या आत करावं, नाहीतर तीन वर्षं थांबावं लागतं, असं चार जाणत्यांनी सांगितलं. साधंच केलं. मांडवाच्या मेढी आणल्या, आंब्याचे टहाळे आणले. वाडीतल्या माणसांनी दोर देवजीच्या हातात दिला. मामा होता तो, आणि मांडव बांधणारा त्याच्यासारखा दुसरा नव्हता.

देवजीनं दोर हातात घेतला, बघितला आणि शेजारच्याला दिला.

"तू बांध."

"अवो देवजीतात्या, तुमी असताना मी कशाला?"

"माझ्या हातची गाठ ऱ्हात न्हाय आता."

लोक हसले. त्यांना वाटलं, थट्टा करतोय. वैजू हळद लावून बसली होती, तिथून म्हणाली, "मामा, एक तरी बांधा की. माझ्या मांडवाला."

"तुला अक्षता टाकीन, पोरी. मागं उभा ऱ्हाईन. पर गाठ बांधायला सांगू नगंस."

मी दोन हात अंतरावर आंब्याचे टहाळे धरून उभा होतो.

त्या वर्षापासून देवजीनं शाकारणी सोडली. लोक बोलवायला आले, त्यांना परत पाठवलं. गवताची गंजीसुद्धा दुसऱ्याकडून बांधून घ्यायचा. त्याच्या मुलांना वाटलं, बहिणीचं दुःख आहे, वर्षा-दोन वर्षांत जाईल. मग छपरांवर पत्रे आले, शाकारायची घरं उरली नाहीत आणि कुणी विचारेनासंही झालं. पण मोळी बांधायची वेळ आली तरी तो सुनेला हाक मारतो.

या गोष्टीला पंचवीस वर्षं झाली. वैजूला मी एकदा जुलमानं डोळ्यांच्या डॉक्टरकडं नेलं. त्यांनी सांगितलं, हिला काही नाही. दर वर्षी मी पुन्हा तपासून घ्यायला लावतो. आईच्या डोळ्यांचं तिला सांगितलं आहे. चिंधीचं सांगितलेलं नाही.

दर वर्षी अनुसयाच्या तिथीला देवजी यायचा. यंदा आला नाही. दमा वाढलाय, आंथरूण धरलंय, असा निरोप आला. म्हणून मागल्या आठवड्यात मी आंबेरानला गेलो. तो भिंतीला टेकून बसला होता. सदुसष्ट वर्षांचा, पण माझ्यापेक्षा म्हातारा दिसत होता.

"दाजी, बसा. घरातनं भायेर जाता येत न्हाय. काय काय फुललंय रानात?"

मी सांगायला लागलो. करवंदीच्या फुलांचं सांगितलं. कुसुंबाची पालवी यंदा आठ दिवस आधी आली, ते सांगितलं. पांगाऱ्यावर हळद्याची जोडी येते, नर पुढं बसतो आणि मादी लांबून बघते. अंजनीला मोहर कमी आहे. जांभळीवर मात्र इतक्या माशा आहेत की खालून जाताना चक्कीतून गेल्यासारखं वाटतं. हे सगळं मी आता बघतो. बघायचं टाळलं तरी दिसतं. देवजी डोळे मिटून ऐकत होता. सून चहा घेऊन आली, म्हणाली, "मामंजी, पावण्यांना श्वास तरी घेऊ द्या."

"घेऊ दे की. मी धरलाय व्हय?" तो हसला आणि त्याला खोकला लागला. सून पाठ चोळून गेली.

खोकला थांबल्यावर त्यानं माझा हात धरला. त्याचा तळवा अजून राठ आहे.

"दाजी, आता माझं काय खरं न्हाय. वर गेल्यावर आक्का इचारंल मला. देवजी, दोन गाठींची कशी सुटली? म्या काय सांगू तिला?"

सून पलीकडच्या खोलीत भांडी घासत होती. बाहेर ऊन होतं. मी त्याच्या हातावर हात ठेवला.

"ती असलं काही विचारायची नाही," मी म्हणालो.

"तुमी बोलताय खरं." त्यानं हात सोडला. "गाडी चुकंल तुमची. निगा."

"येतो."

"या."

मी दारापर्यंत गेलो आणि थांबलो. तो भिंतीकडं तोंड करून पडला होता. मी वाटेला लागलो. त्यानंतर आठ दिवस झाले. परवा सुनेचा फोन आला, बोलणं कमी झालंय म्हणाली.

त्याची गाठ सुटली नव्हती. हे देवजीला सांगायचं राहिलं आहे.